लंडन, पण ते नव्हे

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरांटो आणि डेट्रॉइट यांच्या साधारण मधोमध, लंडन नावाचं शहर आहे. त्यातून थेम्स नदी वाहते. नदीवर ब्लॅकफ्रायर्स नावाचा पूल आहे, गावाच्या मध्यभागी कॉव्हेंट गार्डन मार्केट आहे आणि रिचमंड स्ट्रीटवर सेंट पॉल्स कॅथीड्रल आहे. रस्त्यांची हजेरी घ्यायला बसलं तर ऑक्सफर्ड, पिकॅडिली, पॅल मॅल, चीपसाइड, रीजंट, ट्रफाल्गर, वॉटर्लू सगळे 'हजर' म्हणून उभे राहतात. ज्या काउंटीत हे सगळं बसतं तिचं नावसुद्धा मिडलसेक्स. गाव वसवणाऱ्यांनी मूळ लंडनातून उचलता येईल ते सगळं उचललं; राजवाडा तेवढा बोटीत मावला नसावा.

नावं आली, पण नावांबरोबर ऐट काही आली नाही. इथली पिकॅडिली ही झाडांच्या सावलीतली निवांत गल्ली. तिथे संध्याकाळची गर्दी म्हणजे दोन कुत्री आणि त्यांना फिरवणारे दोन मालक. हाइड पार्कात खोक्यावर उभं राहून भाषणं ठोकणारे वक्ते शोधायला गेलात तर वॉलमार्टचं पार्किंग सापडेल. ऑक्सफर्ड स्ट्रीट शहर आडवं कापत थेट विमानतळाच्या बाजूला जातो. त्यावर खरेदी होते ती टायरची, पिझ्झ्याची आणि गाद्यांची. ट्रफाल्गर स्ट्रीट आहे, पण खांब नाही आणि खांबावर नेल्सनही नाही. त्यातल्या त्यात रुबाब आहे तो जुन्या कोर्टाला. ते चक्क किल्ल्यासारखं बांधलंय, बुरुजांसकट. या मुलखात लोक वसवणारा कर्नल टॅलबॉट आयर्लंडचा. त्याच्या तिकडच्या खानदानी गढीवरून ही कल्पना घेतली म्हणतात. म्हणजे लंडनमध्ये किल्ला आहे, पण तो आयरिश आहे.

अशा या गावात मी राहतो, आणि माझ्या कराडच्या आत्याच्या दृष्टीनं मी 'लंडनला असतो'. आत्या खोटं बोलत नाही. प्रांत कुठला, देश कुठला, असल्या फालतू तपशिलात ती शिरत नाही, एवढंच. भिशीतल्या बायकांपुढे "आमचा भाचा लंडनला असतो" हे वाक्य ती अशा काही आवाजात म्हणते की पुढे कुणाची विचारायची छाती होऊ नये. इथे शिकायला येणाऱ्या मुलांनाही ही सोय फार लवकर कळते. फॅनशॉ कॉलेजला किंवा वेस्टर्न विद्यापीठात पाऊल टाकल्याच्या आठवड्यात त्यांच्या फोटोंखाली नुसतं 'लंडन' येतं. पुढे लग्नाच्या स्थळाच्या कागदावर 'सध्या वास्तव्य : लंडन' येतं. कोर्टात उभं राहिलं तरी टिकेल असं हे वाक्य आहे.

२०२२ च्या सप्टेंबरात एलिझाबेथ राणी गेली, तेव्हा आत्याचा फोन आला.

"तुमची राणी गेली ना रे? वाईट झालं. सुट्टी असेल ना तुला?"

आता हिला कसं समजवायचं, म्हणून मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की समजवण्यासारखं काही नाहीच. राणी खरंच आमचीही होती. कॅनडाचीही ती राणीच, वीस डॉलरच्या नोटेवर तिचाच चेहरा. आत्यानं चुकीच्या लंडनमधून बरोबर राणी काढली होती. सुट्टी मात्र नव्हती. ऑन्टारिओ सरकारनं शोकदिन जाहीर केला आणि शोक करत करत कामावर या, असं सांगितलं.

आता हे गाव स्वतःला काय म्हणतं ते सांगतो. सरकारी पाट्यांवर, बोधचिन्हांवर आणि निम्म्या दुकानांच्या नावांत ते 'फॉरेस्ट सिटी' आहे. अरण्यनगरी. तरुण पोरं त्याला 'फेक लंडन' म्हणतात. हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं नाही, घरच्यांनीच प्रेमानं पाडलंय. पत्ता सांगताना लोक 'लंडन, ऑन्टारिओ' एका दमात म्हणतात, स्वल्पविराम लिहिण्यापुरताच. जगात कुठेही 'मी लंडनचा' म्हटल्यावर समोरच्याचे डोळे चमकतात आणि मग आमच्या माणसाला ती चमक स्वतःच्या हातानं विझवावी लागते. 'तुम्ही बोलता तर इंग्रजांसारखं नाही' असं कुणी म्हणायच्या आत तो 'नाही हो, ते नव्हे, दुसरं' म्हणून मोकळा होतो. हे रोज करून करून या माणसांना एक लाघवी नम्रता आली आहे. खऱ्या लंडनच्या माणसात ती सापडायची नाही.

फॉरेस्ट सिटी या नावाची गंमत अशी की सुरुवातीला त्यात कौतुक नव्हतं. घनदाट जंगलात चार झोपड्या टाकायच्या आणि नाव लंडन ठेवायचं, यावर लोक हसत असणार. मग १८५५ मध्ये रीतसर शहर झालं, जंगल कापून झालं, आणि कापून झाल्यावर त्याचा अभिमान वाटायला लागला. झाडं लावायची मोहीम निघाली. आजही जुन्या वस्त्यांत झाडं भरपूर आहेत, ते नाकारता येणार नाही. पण शहराच्या ऐन मध्यात, जिथे फरसबंदीमुळे झाडं धरेनात, तिथे महापालिकेनं डोकं लढवलं आणि धातूची झाडं उभी केली. लाल, निळी, पिवळी, जांभळी. पत्र्याच्या फांद्या, पत्र्याची पानं. अरण्यनगरीत यांना पाणी घालावं लागत नाही, पानगळ होत नाही, खारी मात्र गोंधळतात. बाहेरून आलेल्या माणसाला ही शिल्पं दाखवून 'म्हणून आम्हाला फॉरेस्ट सिटी म्हणतात' असं सांगायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं, हा स्थानिकांचा आवडता खेळ आहे.

या गावाच्या इतिहासात एक सूत्र आहे आणि ते १७९३ पासून सुटलेलं नाही. त्या वर्षी अप्पर कॅनडाचा लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ग्रेव्ह्ज सिमको इथे आला. नदीचे दोन फाटे जिथे मिळतात ती जागा त्यानं पाहिली आणि तो जागच्या जागी भारावला. राजधानी इथेच करायची, नाव लंडन ठेवायचं, असं त्यानं ठरवलं. नदीला अनिशिनाबे लोक देशकान झीबी म्हणत, फ्रेंचांनी तिला ला ट्रांश म्हटलं होतं. सिमकोनं ती थेम्स करून टाकली. सगळं ठरलं. फक्त वरिष्ठांनी ते मान्य केलं नाही, आणि राजधानी गेली यॉर्कला. यॉर्क म्हणजे आजचं टोरांटो. लंडन नकाशावर नाव होऊन बसून राहिलं आणि गाव प्रत्यक्ष वसलं ते १८२६ मध्ये, तेही जिल्ह्याचं ठाणं म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत लंडनमध्ये सुरू झालेली गोष्ट पूर्ण व्हायला दुसरीकडे, बहुधा टोरांटोला, जाते.

इन्सुलिनचंच घ्या. १९२० च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग नावाच्या तरुण सर्जननं अ‍ॅडलेड स्ट्रीटवर घर घेतलं, पाटी लावली आणि पेशंटची वाट बघत बसला. पेशंट काही येईनात. पहिल्या महिन्याची त्याची कमाई चार डॉलर. नाइलाजानं त्यानं वेस्टर्न विद्यापीठात तासावर शिकवण्याचं काम धरलं. ३० ऑक्टोबरच्या रात्री तो एका व्याख्यानाची तयारी करत होता. विषय शरीरातल्या साखरेचा. त्यात एका वैद्यकीय मासिकातला स्वादुपिंडावरचा लेख वाचून झोपायला गेला, पण झोप येईना. पहाटे दोनच्या सुमारास उठून त्यानं वहीत काही ओळी खरडल्या. त्यात डायबिटीसचं स्पेलिंग चुकलंय. पण कल्पना अशी होती की तिच्यावर पुढे लाखो माणसं जगली.

इथपर्यंत सगळं लंडनचं. मग बँटिंग वेस्टर्नमधल्या प्राध्यापकाला भेटला, आणि त्या प्राध्यापकानं सल्ला दिला : टोरांटोला जा. तिथे मॅक्लाउड नावाचे प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहे, प्रयोगाला कुत्री आहेत. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत प्रयोग झाले, १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्या रुग्णाला टोचलं, १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. लंडनकडे राहिलं ते घर, ती खोली आणि तो पलंग. त्या घरावर आता 'इन्सुलिनचं जन्मस्थान' असं अभिमानानं लावलंय. टोरांटोवाल्यांना हे वाचून कपाळावर आठ्या पडतात. लंडनवाल्यांचं म्हणणं असं की टोरांटोत झालं ते नुसतं बाळंतपण. दिवस गेले ते अ‍ॅडलेड स्ट्रीटवर.

माझ्याकडे भारतातून येणाऱ्या पाहुण्यांत साखरवाल्यांची संख्या चांगली भक्कम असते. त्यामुळे नायगरानंतर दुसरं तीर्थक्षेत्र म्हणून मी त्यांना तिथे नेतो. जगभरातले मधुमेही तिथे येतात, काही जण रडतातही, आणि ते बघून आपलाही थट्टेचा सूर जरा खाली येतो. बाहेर अंगणात एक ज्योत आहे. १९८९ मध्ये राजमातेनं, म्हणजे थोरल्या एलिझाबेथबाईंनी, ती पेटवली. मधुमेहावर कायमचा इलाज सापडेल त्या दिवशी ती विझवायची आहे. माझ्या एका काकांनी त्या पलंगाला चपला काढून नमस्कार केला. मग बाहेर येऊन ते म्हणाले, "एवढं लांब आलोय, तर तो तुमचा टिम हॉर्टन्सचा डोनट तेवढा खाऊन जाऊ. एकच."

दुसरा दावा कॅन्सरचा, आणि त्यात प्रतिस्पर्धी टोरांटो नसून सॅस्काटून आहे. १९५१ मध्ये कोबाल्ट-६० किरणांनी कॅन्सरवर उपचार करणारी यंत्रं या दोन्ही शहरांत जवळजवळ एकाच वेळी बसली. सॅस्काटूनचं यंत्र आधी आलं. पण तिथले शास्त्रज्ञ काटेकोर. ते मोजमापं घेत बसले. लंडनच्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलनं २७ ऑक्टोबरला जगातल्या पहिल्या रुग्णावर उपचार केले, सॅस्काटूननं ८ नोव्हेंबरला. बारा दिवसांचा फरक. तेव्हापासून सॅस्काटूनवाले 'यंत्र आमचं आधी' म्हणतात, लंडनवाले 'पेशंट आमचा आधी' म्हणतात. आयुष्यात एकदा लंडननं एखादी गोष्ट स्वतःच्या हातानं शेवटाला नेली, तर त्यातही वाटेकरी निघाला.

कलाकारांच्या बाबतीत गणित उलटं आहे. तिथे बाळंतपण लंडनचं असतं आणि पुढचं सगळं दुसरीकडे. जस्टिन बीबर जन्मला इथे, वाढला स्ट्रॅटफर्डला. रायन गॉसलिंग जन्मला इथे, वाढला कॉर्नवॉलला. रेचल मॅकअ‍ॅडम्स जन्मली इथे, वाढली शेजारच्या सेंट थॉमसला. गॉसलिंग आणि मॅकअ‍ॅडम्स पुढे 'द नोटबुक' नावाच्या सिनेमात नायक-नायिका झाले आणि जगातल्या तरुण मुली त्यांच्यासाठी हमसून हमसून रडल्या. लंडनला मात्र ही दोन्ही पोरं आपलीच आहेत एवढ्याच विचारानं गहिवर आला. आणखी मागे जायचं तर वॉर्नर ब्रदर्समधला धाकटा जॅक वॉर्नर १८९२ मध्ये इथेच जन्मला. अख्खं हॉलिवूड या गावात एकदा रांगून गेलंय, फक्त चालायला लागल्यावर थांबलं नाही. बँडवाला गाय लोम्बार्डो तेवढा इथे वाढून, इथे बँड जमवून मग गेला. त्याच्या रेडिओ कार्यक्रमांनी अमेरिकेला नववर्षाच्या रात्री कुठलं गाणं म्हणायचं ते शिकवलं. तेही न्यूयॉर्कहून.

प्रेमप्रकरणंसुद्धा या नियमातून सुटली नाहीत. २२ फेब्रुवारी १९६८ रोजी गायक जॉनी कॅशनं 'लंडन गार्डन्स' या सभागृहात भर कार्यक्रमात, हजारो लोकांसमोर, जून कार्टरला लग्नाची मागणी घातली. ती आधी टाळत होती, शेवटी हो म्हणाली. आठ दिवसांत लग्न झालं. केंटकीत.

या सगळ्या मंडळींत लंडनकराला मनापासून कोण आवडत असेल, तर माझ्या मते तो स्लिपरी. स्लिपरी हा सी लायन होता. १९५८ मध्ये नदीकाठी 'स्टोरीबुक गार्डन्स' ही मुलांची बाग उघडली आणि त्यात त्याला आणून ठेवलं. बाग उघडल्याला फार दिवस झाले नव्हते, तोच हा पठ्ठ्या कुंपण ओलांडून थेम्समध्ये उतरला. गावात बोंबाबोंब झाली. पालिकेचे लोक, पोलीस, होड्या, वर्तमानपत्रं सगळे काठाकाठानं धावू लागले. आज इथे दिसला, उद्या तिथे दिसला. स्लिपरी मात्र नदीच्या ओघाबरोबर खाली गेला, लेक सेंट क्लेअर पार केलं, डेट्रॉइट नदीतून लेक ईरीत शिरला, आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली आणि शेवटी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सँडस्कीजवळ पकडला गेला. पासपोर्टशिवाय, व्हिसाशिवाय. टोलीडोच्या प्राणिसंग्रहालयानं त्याला ठेवून घेतलं आणि तो परत द्यायचा की नाही यावर दोन देशांत बोलाचाली झाली. शेवटी तो परत आला, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर हजारो लोक त्याच्या स्वागताला उभे होते. मिरवणूक निघाली.

मला ही मिरवणूक फार महत्त्वाची वाटते. एवढी माणसं जन्मली, एवढ्या कल्पना सुचल्या, सगळं निघून गेलं. हा एकटाच असा की जो गेला आणि परत आला. भले पिंजऱ्यात घालून आणला असेल.

आता थोडं बेसबॉलचं, कारण ते सांगितलं नाही तर शेजारचे आजोबा माझ्याशी बोलायचे नाहीत. नदीकाठचं लबॅट पार्क हे १८७७ पासून अखंड चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं बेसबॉलचं मैदान, असा दावा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्लिंटन गावचं फुलर फील्ड म्हणतं, आमचं १८७८ चं, पण आमची होम प्लेट तेव्हापासून जागची हललेली नाही, तुमची हललीय. आमची हलली, कारण थेम्सला पूर येतो. होम प्लेट म्हणजे फलंदाज जिच्या बाजूला उभा राहतो ती पांढरी फळी. ही फळी कुठे होती यावर दोन देशांतली वयस्कर माणसं गेली कित्येक वर्षं पोटतिडकीनं भांडतायत. मैदानाला नाव ज्या लबॅट बिअरचं, ती १८४७ पासूनची, याच गावातली. ती कंपनी आता बेल्जियमच्या बड्या कंपनीच्या पोटात गेली आहे. गावातल्या बंदिस्त हॉकी स्टेडियमचं नाव आधी जॉन लबॅट सेंटर होतं, मग बडवायझर गार्डन्स झालं, आता एका विमा कंपनीचं आहे. आजोबा अजून 'जेएलसी'च म्हणतात आणि मरेपर्यंत म्हणणार आहेत.

विद्यापीठाचं नाव वेस्टर्न. पश्चिम कशाच्या, हे विचारू नये. ऑन्टारिओच्या पश्चिम भागाचं म्हणून १८७८ मध्ये ते नाव पडलं. कॅल्गरीच्या किंवा व्हँकुव्हरच्या माणसाला ते विद्यापीठ पार पूर्वेला वाटतं आणि भूगोल त्याच्या बाजूनं आहे. इथे माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा, होमकमिंग, सप्टेंबरच्या छान हवेत व्हायचा. रस्त्यावर दारूचा महापूर येऊ लागला म्हणून २०१६ मध्ये विद्यापीठानं तो थंडीच्या तोंडावर ढकलला. पोरांनी काय केलं? जुन्याच तारखेला जमून स्वतःचा वेगळा मेळावा भरवला आणि त्याचं नाव ठेवलं 'फेक होमकमिंग'. फेक लंडनमध्ये फेक होमकमिंग. ब्रॉडेल अ‍ॅव्हेन्यूवर हजारोंनी पोरं लोटली. नकली मेळावा असलीपेक्षा मोठा झाला.

राजकारणातही एक पहिला नंबर आला होता, तो घाईघाईनं सांगून टाकतो. २०१८ च्या पालिका निवडणुकीत पसंतीक्रमानं मतदान घेणारं ऑन्टारिओतलं पहिलं शहर लंडन. २०२० मध्ये प्रांतिक सरकारनं ती पद्धतच रद्द केली. प्रांतिक सरकार कुठे बसतं, ते सांगायला नको.

गावातल्या गावात ओळखीचं राजकारण वेगळंच. अ‍ॅडलेड स्ट्रीट हे आमचं विषुववृत्त. त्याच्या पूर्वेला राहणाऱ्याला 'ई.ओ.ए.' म्हणतात, ईस्ट ऑफ अ‍ॅडलेड. तीन अक्षरांत त्या माणसाचं उत्पन्न, शिक्षण, गाडीचं मॉडेल आणि दातांची अवस्था सगळं सांगून झाल्याचा आव असतो. पुण्यात लकडी पुलाच्या अलीकडचा की पलीकडचा, असं विचारण्यात जी खोच असे, तीच ही. उत्तरेला मेसनविलमध्ये राहणारी माणसं पूर्वेकडे फक्त विमानतळाला जातात, आणि तेही खिडक्या वर करून. दक्षिणेला वर्टली व्हिलेजवाल्यांना आपण वेगळ्याच शहरात राहतो असं वाटतं. तिथे ब्रेड घेतानासुद्धा बेकरीवाल्याशी पिठाबद्दल चर्चा करावी लागते. आपल्याकडचे नवखे लोक मात्र भाडं बघतात, बस बघतात आणि बिनदिक्कत ई.ओ.ए. होतात. इंडियन किराणा आणि कढीपत्ता कुठे मिळतो यावर त्यांची दिशा ठरते. अ‍ॅडलेडचं सोवळं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

पण पूर्व असो की पश्चिम, सगळ्या लंडनकरांना एका सूत्रात ओवणारी गोष्ट म्हणजे मालगाडी. रेल्वेचे रूळ गावाच्या मधून जातात, रस्त्याच्या पातळीवर. रिचमंड स्ट्रीटवर, पिकॅडिलीपासून हाकेच्या अंतरावर, फाटक पडतं आणि मग डबे जात राहतात. जात राहतात. डब्यांमागून डबे, कधी मधेच थांबतात, कधी विचार बदलून मागे येतात. ऑफिसला उशीर, लग्नाला उशीर, परीक्षेला उशीर, सगळ्याला 'ट्रेन लागली' हे एकच उत्तर आणि ते साहेबापासून शिपायापर्यंत कुणीही मान्य करतो, कारण तोही त्याच फाटकात अडकून आलेला असतो. अ‍ॅडलेडवर आता रुळांखालून भुयारी रस्ता झालाय. सोय झाली, पण पूर्वेकडच्यांची हक्काची सबब गेली, अशी तक्रारही ऐकू येते.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. फेक लंडन, पत्र्याची झाडं, मालगाडी, यावर लंडनकर स्वतः तासभर बोलेल, तुमच्यापेक्षा चांगले विनोद करेल. पण टोरांटोच्या माणसानं हसायला सुरुवात केली की वातावरण बदलतं. मग बँटिंग निघतो, कोबाल्ट निघतो, सिमको निघतो. "राजधानी आमचीच व्हायची होती" हे वाक्य मी सव्वादोनशे वर्षांनंतर, बार्बेक्यूवर सॉसेज परतत असलेल्या माणसाच्या तोंडून, कालपरवाची घटना असावी अशा संतापानं ऐकलंय.

आणि उसनं नाव घेण्यात लंडन एकटं आहे असंही नाही. या अख्ख्या मुलखाला तीच खोड आहे. तासाभरावर स्ट्रॅटफर्ड आहे. तिथे एव्हन नदी आहे, तीत हंस आहेत आणि १९५३ पासून शेक्सपिअरचा मोठा नाट्यमहोत्सव भरतो. पूर्वेला पॅरिस आहे. आणि आपल्या लोकांसाठी खास गोष्ट : आग्नेयेला तंबाखूच्या शेतांमध्ये दिल्ली आहे. इंग्रजी स्पेलिंग तेच, उच्चार मात्र 'डेल-हाय'. आपण 'दिल्ली' म्हटलं तर तिथल्या माणसाला कळत नाही. उत्तरेला ब्रूस काउंटीत लखनौ आहे. १८५७ च्या वेढ्याची बातमी ताजी असताना हे गाव वसलं, म्हणून हे नाव. रस्त्यांना कॅम्बेल, हॅव्हलॉक अशा त्या लढाईतल्या इंग्रज सेनापतींची नावं. लखनौत राहून हॅव्हलॉक स्ट्रीटचा पत्ता सांगायचा म्हणजे कमाल आहे. तिथे कबाब मिळत नाहीत.

तेव्हा भाचा, पुतण्या, भाची, कुणीही 'लंडनला असतं' म्हणून त्यांच्याकडे निघाला असाल, तर तिकीट काढण्याआधी प्रांत कुठला ते एकदा नीट विचारून घ्या. विमानतळाचा कोड वाय-एक्स-यू असेल तर ते आमचं लंडन. टोरांटोला उतरा, ४०१ नंबरच्या हायवेनं दोन तासांत घरी याल. येताना आंबा बर्फी आणा. हिथ्रोला उतरलात तर फोन करू नका. तिथून आमचं घर जवळपास सहा हजार किलोमीटर आहे आणि वाटेत फाटक लागतं.